रब्बीच्या दिवसांतला एक हफ्ता

इतिहासाच्या पुस्तकात साल असते, क्वचित महिना असतो, मोठ्या लढाईची तारीखही असते; पण वार नसतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली हे आमच्या वर्गातल्या मुलांना पाठ असते. त्या दिवशी बुधवार होता, हे मात्र कोणी सांगत नाही. सांगण्याचे कारणही कोणाला वाटत नाही. पण त्याच बुधवारी दक्षिणेत कितीतरी कसब्यांत आठवड्याचा बाजार भरला असेल. खबर यायला अजून बरेच दिवस होते. माणसे मीठ, तेल, पानसुपारी घेऊन संध्याकाळी आपापल्या गावी परतली असतील. त्यांचा इतिहास कोणता?

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. चौथीचे ‘शिवछत्रपती’ आम्ही उर्दूतून शिकवतो, पुढच्या इयत्तांत दिल्ली, बहामनी, मोगल, मराठे असे करत जातो. एकदा एका मुलाने विचारले, “सर, राजे-बादशहा छोडके बाकी लोगां क्या करते थे?” त्याच्या घरी तीन पिढ्यांपासून पानाचा धंदा. त्याचा प्रश्न खरे तर असा होता, की आमचे आजे-पणजे या पुस्तकात कुठे आहेत? पुस्तकात मुसलमान येतो तो सुलतान म्हणून, सरदार म्हणून, नाहीतर शत्रू म्हणून. पान विकणारा, विळ्याला धार लावणारा, बांगड्या भरणारा, कापूस पिंजणारा मुसलमान पुस्तकाच्या कोणत्याच पानावर नाही. आणि आपण स्वतः लिहायला बसलो तरी ताजमहाल आणि बिबी का मकबरा यांच्यापलीकडे फारसे जात नाही. हा दोष केवळ दुसऱ्यांच्या माथी मारता येणार नाही.

म्हणून या लेखात आम्ही एक साधा आठवडा घेतला आहे. ऋतू वसंताच्या तोंडाचा, म्हणजे माघ संपून फाल्गुन लागण्याचा. ठिकाण पुण्या-नगरच्या बाजूचे एखादे गाव आणि त्याचा कसबा. काळ पेशवाई बुडाली त्याच्या आगेमागेचा, म्हणजे १८१८ ते १८२५. हाच काळ घेण्याचे कारण असे, की नवे राज्य घेऊन आलेल्या इंग्रज अंमलदारांनी गाव कसे चालते ते नीट विचारून लिहून ठेवले. थॉमस कोट्स नावाच्या डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाची माहिती १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे मांडली. घरातली भांडी, अंगावरचे कपडे, भाकरी कशाची, सण कोणते, सगळे त्यात आहे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली आला. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ बरेच नंतरचे, १९१५ चे. पण त्यातले गाव जुन्याच चालीचे आहे.

सुरुवात ऋतूच्या नावापासून करू. शेतकरी ज्याला ‘रब्बी’ म्हणतो तो शब्द अरबीतला ‘रबीअ’, अर्थ वसंत. ‘खरीप’ म्हणजे ‘खरीफ’, अर्थ शरद. पीक ज्या ऋतूत हाती येते त्याचे नाव पिकाला मिळाले. आता गंमत पाहा. हिजरी सनाचे दोन महिनेही रबीउलअव्वल आणि रबीउलआखिर, म्हणजे नावाने वसंताचेच. पण चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. दर वर्षी ते अकरा दिवसांनी मागे सरकते, आणि वसंताच्या नावाचा महिना कधी भर पावसात तर कधी कडाक्याच्या थंडीत येतो. नमाज-रोज्याला त्याची अडचण नाही. अडचण आहे ती सारावसुलीला. सूर्याची ३२ वर्षे होतात तेवढ्यात चंद्राची ३३ होतात. पिके निघाली बत्तीस वर्षांची आणि सरकारने सारा मागितला तेहेतीस वर्षांचा, तर रयतेने करायचे काय?

यावर दख्खनेत एक तोड निघाली. हिजरी ७४५ मध्ये, म्हणजे इसवी १३४४ मध्ये, मुहंमद तुघलकाच्या काळात सुहूर सन सुरू झाला. आकडा हिजरीचा घेतला, पण वर्ष सूर्याचे ठेवले, आणि त्याची सुरुवात मृग नक्षत्राला, पेरणीच्या तोंडावर. म्हणूनच त्याला ‘मृगसाल’ हेही नाव पडले. बहामनी गेली, निजामशाही-आदिलशाही गेली, शिवाजी महाराजांनी आपला राज्याभिषेक शक काढला, पेशवे आले; सुहूर सन चालूच राहिला. पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांवर साल अरबी शब्दांत लिहिलेले असते. पानिपतचे वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, झाले ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासूनच्या कागदाला ६००. पुढे ‘छ’ हे अक्षर आणि चांद्र महिना: छ १२ साबान, छ ५ जिल्काद. हा ‘छ’ चंद्राचा. म्हणजे शनिवारवाड्यातल्या ब्राह्मण कारकुनाला साबानचा चाँद कधी दिसला हे ठाऊक असावेच लागे, नाहीतर पत्रावर तारीख पडत नसे.

आमच्या शाळेतल्या मुलांना मक्तबात अरबी अंक शिकवतात. अहद, इस्नैन, सलासा, अर्बा त्यांच्या तोंडी असते. मोडी शिकायला बसलेल्या मोठ्या माणसांना जे घोकावे लागते ते या पोरांना आधीच येते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आम्ही एक दिवस फळ्यावर ‘सलास अर्बैन मया व अलफ’ लिहिले आणि गप्प बसलो. दोन मिनिटांत मागच्या बाकावरून उत्तर आले, ११४३.

आता गावात जाऊ. फाल्गुनात गाव रिकामे असते आणि शिवार भरलेले. शाळू उपटून पडलेला, गहू पिवळा झालेला, हरभऱ्याचे घाटे खडखडायला लागलेले. करडई काढायची ती पहाटे, दव असेपर्यंत, नाहीतर काटे हात फोडतात. शेताच्या कडेला जमीन चोपून, शेणाने सारवून खळे केलेले असते. मध्ये तिवडा रोवलेला, त्याच्याभोवती बैलांची पात फिरते. मळणी, मग वावडीवर उभे राहून उफणणी, मग रास. आणि राशीभोवती बलुतेदार. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग. आणि यांच्याच रांगेत मुलाणी. ग्रँट डफने दिलेल्या बाराच्या यादीत तो आहे. शेतकऱ्याच्या राशीवर त्याचा हक्क आहे, गावच्या कारभारात त्याची जागा आहे.

हा हक्क कशाचा? मशिदीत दिवाबत्ती, लहान पोरांना कलमा, मयतीची नमाज ही त्याची कामे खरीच. पण गावात मुसलमानांची घरे चार-पाच, तेवढ्यासाठी सगळे गाव धान्य कशाला देईल? गावासाठी त्याचे काम होते सुरीचे. देवापुढे किंवा शेताच्या बांधावर बकरे द्यायचे तर ते मुलाण्याने नियत पढून कापायचे, आणि त्याने कापल्याशिवाय मटण खायचे नाही, असा मराठ्यांचा रिवाज ग्रँट डफने मुद्दाम नोंदवला आहे. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, घरोघर मटण. त्या दिवशी मुलाण्याला पहाटेपासून दम नसे. होळी त्याची नाही आणि धुळवडही त्याची नाही, पण त्याच्यावाचून ती पार पडत नसे. ‘हलाल’ या शब्दावरून अलीकडे जे वाद ऐकू येतात ते ऐकताना हा दोनशे वर्षांपूर्वीचा मुलाणी आमच्या डोळ्यांपुढे येतो. त्याला असा वाद समजलाच नसता.

याचा अर्थ गाव गुण्यागोविंदाने नांदत होते असा आम्ही काढत नाही. रास वाटताना भांडणे होत, हक्काचे दावे पंचांपुढे जात. शिवाय ज्या रांगेत मुलाणी उभा होता त्याच रांगेच्या शेवटी महार आणि मांग उभे होते, आणि त्यांच्या वाट्याला काय येई हे सर्वांना माहीत आहे. आपण दुसऱ्यांची गाऱ्हाणी मोजताना ही रांगही आठवली पाहिजे.

बलुत्याबाहेरची माणसे बाजारात भेटतात. सुगीच्या आधी शिकलगार येऊन गेलेला असे. ‘सैकल’ म्हणजे शस्त्राला पाणी देणे, उजळणे. तलवारीवर काम करणारा हा कारागीर. १८१८ नंतर तलवारी भिंतीला टांगल्या गेल्या आणि त्याची सहाण विळे, कात्र्या, अडकित्त्यांवर चालू लागली. राज्य बदलल्याची खरी झळ कोणाला लागली हे पाहायचे असेल तर शिकलगाराच्या घरी जावे. आतार उदबत्ती, अत्तर, कुंकू, बुक्का विके. फाल्गुनात त्याच्या पुड्यांत गुलालाची भर. देवळात लागणारी निम्मी जिन्नस मुसलमानाच्या दुकानातून जाई. तांबोळ्याची पाने ओल्या फडक्यात, कारण ऊन तापायला लागलेले. मणियार लग्नसराईची वाट पाहत बसलेला. दाणे घरात आले की सोयरिकी जमतात आणि बांगड्या खपतात. पिंजाऱ्याचे मात्र दिवस उतरणीचे. थंडी गेली, गाद्या-रजया भरून झाल्या. धनुकली खांद्यावर टाकून त्याला लांबच्या गावांकडे वळावे लागे.

बायका बाजारात थोड्या, घरात जात्यावर जास्त. त्यांचा दिवस वारावर नव्हे, पीठ संपण्यावर ठरे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी १९८० च्या दशकापासून पुढे खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत मुसलमान बायकांनी म्हटलेल्या ओव्याही आहेत, मराठीत. आमच्यातले काही लोक ‘आपली भाषा उर्दूच’ असे ठासून सांगतात तेव्हा ही जात्यावर बसलेली आजी त्यांच्या हिशेबात येत नाही. उर्दू आम्ही शिकवतो, तिच्यावर आमचा जीव आहे. म्हणून तर हे बोलतो.

बाजारावर माणसाचे पोट, म्हणून बाजाराच्या वाराला गावापेक्षा जास्त मान. पुण्याच्या पेठा पाहा. रविवार पेठेचे जुने नाव मलकापूर, शनिवारचे मुर्तझाबाद. १७०३ मध्ये औरंगजेबाचा मुक्काम पुण्यास होता. बुधवार पेठेचे मुहियाबाद हे नाव त्या वेळचे. पेशव्यांच्या काळात ही नावे मागे पडली आणि वारांची नावे रूढ झाली. नावे बदलण्याचा सोस आजकालचाच नव्हे. पण दुसऱ्या एखाद्या बादशहाचे किंवा सरदाराचे नाव न येता चक्क वाराचे नाव आले, आणि ते टिकले.

याच्या उलट बाजूची एक गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला होळीपासून कानिफनाथांची मोठी यात्रा भरते. तिथले स्थान शाह रमजान माही सवार यांचे म्हणून मुसलमानही मानतात. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या ग्रामसभेत यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना जागा देऊ नये असा ठराव झाला आणि त्यावर मोठा वाद उठला. नारळ, रेवड्या, बांगड्या विकणाऱ्याचे सगळे वर्ष अशा चार यात्रांवर उभे असते. त्याच्याकडे कागद नसतो, सनद नसते. तो इतकेच सांगू शकतो, की आमचा बाप इथेच बसत होता. बापाने कुठे पाल ठोकले हे ज्या इतिहासात लिहिले नाही त्या इतिहासाचा त्याला काय उपयोग?

वारांची नावे आम्हा लोकांत दोन परींची. सनीचर, इतवार, पीर, मंगल, बुध, जुमेरात, जुमा. इतवार आणि गावाकडचा आइतवार हे दोन्ही ‘आदित्यवार’चेच. सातांपैकी निव्वळ आमची म्हणावीत अशी नावे पीर, जुमेरात आणि जुमा. ‘हफ्ता’ म्हणजे फारसीत सातांचा जुडगा. उर्दूत त्याचा अर्थ आठवडा, शिवाय शनिवारही. मराठीने तोच शब्द ‘हप्ता’ करून घेतला आणि त्याला पैसा चिकटवला: कर्जाचा हप्ता, साऱ्याचा हप्ता. रब्बीची रास घरात येते न येते तोच साऱ्याचा हप्ता दारात उभा, म्हणून असेल.

जुमेरातीला पीराच्या थडग्यावर दिवा, ऊद, मूठभर मलिदा. हाच गुरुवार दत्तसंप्रदायाचा. दौलताबादच्या किल्ल्यावर निजामशाहीत जनार्दनस्वामी किल्लेदार होते, ते एकनाथांचे गुरू. किल्ल्यावर गुरुवारी कामकाज बंद असे, अशी परंपरेची साक्ष आहे. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले यांना सूफी कादरी परंपरेतले मानतात, आणि ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद त्यांच्याच परंपरेतले. एकनाथांची षष्ठी फाल्गुन वद्यात येते, याच दिवसांत. म्हणजे दत्ताचा वार आणि पीराचा वार एकच कसा, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. निदान देवगिरीपर्यंत गेले तरी पुरे.

जुम्याची गोष्ट जरा वेगळी. घाटावरचे मुसलमान बहुतेक हनफी. त्यांच्या फिकहप्रमाणे जुम्याची नमाज शहरात किंवा कसब्यात, खेड्यात नाही. कोकणातले शाफई, त्यांना चाळीस माणसे जमली पाहिजेत. लहान गावच्या मुलाण्याला म्हणूनच कसबा गाठावा लागे. तिथे जामा मशीद, काझी, खतीब. या लोकांची जुनी इनामे पेशव्यांनीही बरीचशी चालू ठेवली होती. पण सुगी भरात असताना पाच कोस चालत जाणे दर जुम्याला कसे जमणार? खळ्यावरच जोहर पढली जाई आणि बैल पुन्हा पातीला लागत.

सुट्टी ही कल्पना या गावात नव्हती. रविवारची सुट्टी आली ती गिरणीतून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांची चळवळ चालवली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. मदनपुऱ्यातला मोमीन आणि सातारा-रत्नागिरीकडचा गिरणी कामगार यांना एकाच दिवशी विसावा मिळाला तो लोखंडे यांच्यामुळे. आमच्या समाजात हे नाव पुरेसे घेतले जात नाही. मालेगावात मात्र माग जुम्याला बंद राहू लागले आणि अजून राहतात. तिथले बरेचसे मोमीन १८५७ नंतर उत्तरेतून आलेले. आठवडाभर खडखडणारे शहर एका दिवशी गप्प होते. ज्याने ते ऐकले नाही त्याला ही शांतता सांगून कळणार नाही.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे कचेऱ्यांची सुट्टी जुम्याला, आणि सन फसली. महिने इराणी नावांचे: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहेश्त आणि पुढचे. इराणात फरवर्दीन वसंतसंपाताला, २१ मार्चच्या सुमारास सुरू होतो. हैदराबादेत आजूर ऑक्टोबरात धरल्यामुळे फरवर्दी साधारण फेब्रुवारीत पडे. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली. त्यानंतर सुट्टी रविवारी गेली, सन इसवी झाला, इराणी महिने दफ्तरात बांधले गेले. खेड्यापाड्यांचे बाजार मात्र आपापल्या वारीच भरत राहिले.

दफ्तरात बांधलेले ते महिने अधूनमधून बाहेर येतात. मागच्या वर्षी मराठवाड्यातल्या एका विद्यार्थिनीचे वडील जमिनीचा जुना उर्दू कागद घेऊन आमच्याकडे आले. वाटणीचे काम होते. कागदावर १३४२ पाहून कोणीतरी त्यांना सांगितले होते, की हा तर सातशे वर्षांपूर्वीचा, याला कोण विचारतो. आम्ही त्यांच्या मुलीलाच बेरीज करायला लावली: फसलीत ५९० मिळवा. १९३२ चा ऑक्टोबर ते १९३३ चा ऑक्टोबर. वर महिना लिहिला होता फरवर्दी, म्हणजे १९३३ चा फेब्रुवारी, शाळू काढणीचे दिवस. खाली पणजोबांचा अंगठा होता, आणि अंगठ्याशेजारी दोन साक्षीदार, एक पाटील आणि एक मुलाणी.